घरच्या सिम्युलेटरमध्ये ए३२०: मुंबई ते दाभोळी, तयारीपासून उतरण्यापर्यंत

धागाकर्ता: धावपट्टी२७

घरच्या संगणकावर प्रवासी विमान उडवू पाहणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न ‘कोणते बटण कधी दाबायचे’ अशा स्वरूपाचे असतात आणि उत्तरादाखल त्यांना एखादी लांबलचक यादी मिळते. यादी पाठ होते, विमान हवेतही जाते. पण एखादी गोष्ट यादीप्रमाणे घडली नाही की पुढे काय करावे ते सुचत नाही. कॉकपिटमधल्या कामांना जो क्रम आहे, तो एकमेकींवर अवलंबून असलेल्या यंत्रणांमुळे आलेला आहे. कोणती यंत्रणा कशावर विसंबून आहे हे एकदा कळले, की यादी फक्त पडताळणीपुरती लागते. या धाग्यात मी तो क्रम कारणांसह मांडणार आहे. जाणकारांनी भर घालावी.

उदाहरणासाठी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि त्यात चालणारे फ्लायबायवायर या गटाचे एअरबस ए३२०निओ (ए३२० ची नव्या इंजिनांची आवृत्ती) हे विमान घेतो. ते विनामूल्य आहे, आणि शिकण्यासाठी लागणारी जवळजवळ प्रत्येक यंत्रणा त्यात खऱ्यासारखी वागते. फेनिक्सचे सशुल्क ए३२० किंवा एक्स-प्लेनमधले टोलिसचे विमान ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही पुढचे जवळजवळ सगळे लागू पडेल. मार्ग मुंबई ते गोवा, म्हणजे दाभोळी. सरळ अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल आहे.

पहिले काम विमानाबाहेरचे. सिमब्रीफ या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून व्हीएबीबी (मुंबई) ते व्हीओजीओ (दाभोळी) असा आराखडा तयार करावा. त्यातून मार्ग, इंधन, वजने आणि वाऱ्यांचा अंदाज एकत्र मिळतो. मात्र ते कागद न वाचता थेट विमानात चढवणे म्हणजे निम्मी मजा घालवणे आहे. उड्डाणपातळीचेच पाहा. मुंबईहून गोव्याकडची दिशा दक्षिणेची, किंचित पूर्वेकडे झुकलेली आहे. शून्य ते १७९ अंशांच्या दिशांना विषम पातळ्या मिळतात, म्हणून २७० (म्हणजे २७,००० फूट) किंवा २९० योग्य आणि २८० अयोग्य. इंधनाचे गणितही असेच उलगडते. प्रवासाला साधारण अडीच टन पुरते, पण टाकीत पाच-सहा टन असते, कारण त्यात टॅक्सीचे, आकस्मिक गरजेचे, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे राखीव इंधन धरलेले असते. पर्यायी विमानतळ म्हणून मोपा जवळचा वाटतो खरा, पण पावसाळ्यात दाभोळीवर ढग खाली आले असतील तर मोपावर आकाश निरभ्र असण्याची शक्यता कमीच. जून ते सप्टेंबर मी दूरचाच पर्याय निवडतो.

नकाशांसाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची वैमानिकी माहिती पुस्तिका संकेतस्थळावर खुली आहे आणि तिच्यात प्रत्येक विमानतळाचे टॅक्सीमार्ग, प्रस्थानमार्ग व उतरण्याचे नकाशे आहेत. ही माहिती दर २८ दिवसांच्या चक्राने अद्ययावत होते. सिम्युलेटरमधली माहिती त्याहून जुनी असेल तर एखादा बिंदू सापडत नाही, आणि मग दोष विमानाला दिला जातो.

आता कॉकपिट. विमान पूर्ण बंद अवस्थेत आहे असे धरू. दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज २५.५ पेक्षा जास्त आहे हे पाहून त्या चालू कराव्यात, मग बाहेरची वीज किंवा शेपटीतले छोटे सहायक इंजिन, म्हणजे एपीयू. वीज स्थिर झाली की सर्वांत आधी ओव्हरहेड पॅनेलवरची एडीआयआरएसची तीनही बटणे ‘नॅव्ह’वर न्यावीत. हे आधी करायचे, कारण विमानाची दिशा आणि स्थिती सांगणाऱ्या या यंत्रणेला स्वतःला जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात विमान जराही हलता कामा नये. तो वेळ चालू असताना बाकीची कामे उरकतात. फ्लायबायवायरच्या टॅबलेटमध्ये ही जुळणी ‘तत्काळ’ करण्याची सोय आहे, पण ती निवडली तर या क्रमामागचे कारणच दिसेनासे होते.

त्यानंतर एमसीडीयू, म्हणजे मधल्या पट्ट्यावरचा कळफलक आणि पडदा. आधी ‘इनिट’चे पहिले पान भरावे: कुठून कुठे, उड्डाण क्रमांक, कॉस्ट इंडेक्स (वेळ आणि इंधन यांच्या खर्चाचा तोल सांगणारा आकडा), पातळी. मग मार्गाचे पान, त्यात धावपट्टी २७ (२७० अंशांच्या, म्हणजे पश्चिमेच्या दिशेची) आणि प्रस्थानमार्ग, मग रेडिओचे पान, मग ‘इनिट’चे दुसरे पान, जिथे इंधनाविना वजन आणि एकूण इंधन द्यायचे, आणि सर्वांत शेवटी ‘पर्फ’, जिथे व्ही-वन (यापुढे थांबायचे नाही), व्ही-आर (नाक उचलायचे), व्ही-टू (सुरक्षित चढणीचा) हे वेग, फ्लॅप (पंखांच्या कडेच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) आणि फ्लेक्स तापमान येते. वेग शेवटी भरायचे, कारण ते वजनावर, धावपट्टीवर, वाऱ्यावर आणि तापमानावर ठरतात. यातले काहीही बदलले तर वेग पुन्हा काढावे लागतात. ऐनवेळी धावपट्टी बदलली तर एमसीडीयू टाकलेले वेग स्वतःच बाजूला ठेवून नव्याने मागतो, तो याच कारणासाठी.

फ्लेक्सविषयी दोन वाक्ये. विमान हलके असेल आणि धावपट्टी मुंबईसारखी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची असेल, तर इंजिनांना पूर्ण जोर लावण्याची गरज नसते. म्हणून हवा प्रत्यक्षापेक्षा जास्त गरम आहे असे संगणकाला सांगून जोर कमी केला जातो आणि इंजिनांची झीज वाचते. त्यामुळे फ्लेक्सचा आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा मोठाच असला पाहिजे.

इंजिने सुरू करण्यापासून पुढचे प्रतिसादांत घेऊ.

---

प्रतिसाद: चिंचवडकर

लेख आवडला. कारणे कळल्यामुळे गोष्टी लक्षात राहतील असे वाटते. दोन शंका आहेत. माझ्याकडे फक्त एक स्वस्त जॉयस्टिक आहे. तिच्यावर एअरबस नीट उडवता येईल का? आणि दर वेळी पूर्ण बंद विमानापासून सुरुवात करण्याइतका वेळ नोकरीमुळे मिळत नाही. थेट धावपट्टीवर, इंजिने चालू असलेल्या अवस्थेत सुरुवात केली तर काय बिघडते?

---

प्रतिसाद: धावपट्टी२७

चिंचवडकर, स्वस्त जॉयस्टिकवर एअरबसच सर्वांत चांगले चालते. या विमानात सामान्य स्थितीत वैमानिकाची काठी थेट पंखांच्या पट्ट्यांना जोडलेली नसते. काठी किती वळवली यावरून संगणक किती वेगाने कलायचे ते ठरवतो, आणि काठी सोडली की तोच कल आणि चढण्या-उतरण्याचा तोच कोन राखून ठेवतो. ट्रिमही आपोआप होते. त्यामुळे हलक्या स्प्रिंगच्या जॉयस्टिकची उणीव फारशी जाणवत नाही. मध्यभागी थोडा निष्क्रिय पट्टा ठेवावा, एवढेच. आणि काठी सतत हलवत राहण्याची सवय मोडावी.

खरा प्रश्न थ्रॉटलचा आहे. एअरबसचे थ्रस्ट लिव्हर ठरावीक खाचांमध्ये बसतात: आयडल (किमान जोर), क्लाइंब (चढण), फ्लेक्स आणि टोगा (पूर्ण जोर). आपल्या साध्या सरकपट्टीला खाचा नसतात. विमानाच्या टॅबलेटमध्ये थ्रॉटल जुळवण्याचे पान आहे. तिथे प्रत्येक खाचेसाठी सरकपट्टीचा ऐसपैस भाग नेमून द्यावा. हे पहिल्या उड्डाणाआधी केलेच पाहिजे. नाहीतर क्लाइंबच्या खाचेत आहोत असे आपल्याला वाटते, लिव्हर प्रत्यक्षात तिच्या खाली असतो आणि स्वयंचलित थ्रस्टला हवा तेवढा जोर लावता येत नाही.

धावपट्टीवरून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही. उड्डाण, चढण आणि उतरणे यांचा सराव तसाच करावा. फक्त एमसीडीयू तेव्हाही भरावा लागेल. नाहीतर विमानाला कुठे जायचे आहे हेच ठाऊक नसेल आणि वरचे सगळे मार्गदर्शन कोरे राहील.

---

प्रतिसाद: टर्बाइन

माझे काम विमानांच्या देखभालीतले आहे, त्यामुळे इंजिन सुरू करण्याबद्दल थोडे लिहितो.

ए३२० मध्ये बहुधा दोन क्रमांकाचे इंजिन आधी सुरू करतात, आणि त्यामागे हायड्रॉलिक्स, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या आणि रंगांनी ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणा आहेत. पार्किंग ब्रेकला दाब पिवळ्या यंत्रणेकडून मिळतो आणि पिवळ्या यंत्रणेचा पंप दोन क्रमांकाच्या इंजिनावर बसवलेला आहे. ते इंजिन चालू झाले की ब्रेकला खात्रीचा दाब मिळतो. मग एक क्रमांकाचे इंजिन सुरू करताना पोटाखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो, तो पीटीयूचा. हिरव्या आणि पिवळ्या यंत्रणांमध्ये दाबाची देवाणघेवाण करणारे हे साधन त्या वेळी आपोआप स्वतःची चाचणी घेते. प्रवासी घाबरतात, पण तो आवाज यायलाच हवा. चांगल्या प्रतिकृतींमध्ये तोही ऐकू येतो.

इंजिन सुरू करण्यासाठी एपीयूची नुसती वीज पुरत नाही, त्याची दाबाखालची हवा लागते. एपीयू ब्लीडचे बटण दाबलेले नसेल तर स्टार्टर फिरणार नाही. ‘मोड सिलेक्टर इग्निशनवर नेला, मास्टर (इंजिनाचा मुख्य स्विच) चालू केला, तरी काही होत नाही’ अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. शिवाय निओची लीप इंजिने जुन्या सीएफएम५६ पेक्षा सुरू व्हायला जास्त वेळ घेतात. बंद केल्यानंतर आतली उष्णता वरच्या बाजूला साठून दांडा किंचित वाकतो. तो पुन्हा सरळ व्हावा म्हणून इंधन न देता इंजिन काही काळ नुसते फिरवले जाते. तेवढा वेळ हात बाजूला ठेवून पडद्यावरचे एन-टू (इंजिनाच्या आतल्या दांड्याचा वेग), इंधनाचा प्रवाह आणि तापमान पाहत राहावे. सगळे संगणकच करतो. माणसाचे काम तापमान मर्यादेबाहेर गेले तर मास्टर बंद करणे, एवढेच.

दोन्ही इंजिने स्थिरावली की मोड सिलेक्टर ‘नॉर्मल’वर, एपीयू ब्लीड बंद, एपीयू बंद, स्पॉयलर (पंखांवर उघडणाऱ्या पट्ट्या) सज्ज, फ्लॅप ठरल्याप्रमाणे, ऑटोब्रेक ‘मॅक्स’. मग ‘टी.ओ. कॉन्फिग’ हे बटण दाबून मधल्या वरच्या पडद्याच्या खालच्या भागातली यादी हिरवी झाली की नाही ते पाहावे. काही राहिले असेल तर विमानच निळ्या अक्षरांत सांगते.

---

प्रतिसाद: जुना जोगेश्वरीकर

मी या छंदात आलो तेव्हा सिम्युलेटर उघडला की शिकागोच्या तळ्याकाठची मेग्ज फील्डची धावपट्टी समोर यायची आणि मुंबई म्हणजे हिरव्या-तपकिरी चौकोनांवर रेघोट्या मारल्यासारखी दिसायची. २०२० च्या आवृत्तीपासून खरी छायाचित्रे जमिनीवर आली. त्यानंतर २७ वरून उठल्यावर खाली ओळखीचे रस्ते दिसले तेव्हाचा आनंद वेगळाच होता.

२७ वरून निघणाऱ्यांना आणि विशेषतः समुद्राकडून ०९ वर येणाऱ्यांना एक सूचना. मुख्य विमानतळाच्या पश्चिमेला अगदी जवळ जुहूची धावपट्टी आहे, आणि तिची दिशाही ०८-२६, म्हणजे जवळजवळ समांतर. लांबी साधारण अकराशे मीटर. १९५३ मध्ये बीओएसीचे कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझऐवजी चुकून तिथे उतरले होते. कॉमेट नंतर उडवून बाहेर काढता आले. डीसी-८ मात्र पुन्हा उडण्याच्या लायकीचे राहिले नाही. दोन्ही वेळा जीवितहानी झाली नाही. सिम्युलेटरमध्ये धुरकट हवामान लावून ०९ चा दृश्य अप्रोच (डोळ्यांनी धावपट्टी पाहत उतरणे) करून पाहा, म्हणजे त्या वैमानिकांना काय दिसले असेल याची कल्पना येईल. यावर उपाय जुनाच आहे: आकाश स्वच्छ असले तरी आयएलएसची, म्हणजे धावपट्टीची दिशा आणि उतार रेडिओने दाखवणाऱ्या यंत्रणेची, वारंवारता लावून ठेवायची आणि डोळ्यांना जे दिसते ते सुईशी ताडून पाहायचे.

प्रत्यक्ष उड्डाणाबद्दल थोडेसे. लिव्हर एकदम पुढे ढकलू नयेत. आधी एन-वन (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा वेग) पन्नास टक्क्यांच्या आसपास न्यावे, दोन्ही इंजिने सारखी झाली की फ्लेक्सच्या खाचेत. काठी थोडी पुढे दाबून ठेवावी, ८० नॉटनंतर हळूहळू मोकळी करावी आणि १०० नॉटला ती मध्यावर असावी. व्ही-वन झाल्यावर हात लिव्हरवरून काढावा, कारण त्यानंतर थांबायचे नसते. व्ही-आरला नाक सेकंदाला तीन अंशांच्या गतीने उचलावे. नवशिके हमखास एका झटक्यात उचलतात आणि शेपूट घासते. विमान वर चढत असल्याची खात्री झाली की चाके आत.

---

प्रतिसाद: टोरांटोहून

चर्चा उत्तम चालली आहे, पण मूळ लेखातल्या मार्गाच्या निवडीशी मी सहमत नाही. नवशिक्याने मुंबई–गोवा निवडू नये. अंतर कमी म्हणून सोपे, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. २९० पातळीपर्यंत चढायला शंभरएक मैल जातात, उतरायला सुरुवात करायची तीही मुक्कामाच्या नव्वद-शंभर मैल आधी. म्हणजे पातळीवरचा वेळ जेमतेम पाच-दहा मिनिटांचा. तेवढ्यात गोव्याचे हवामान घ्यायचे, धावपट्टी ठरवायची, उतरण्याचा मार्ग एमसीडीयूत भरायचा, ‘पर्फ’च्या अप्रोच पानावर हवेचा दाब, वारा, तापमान आणि निर्णयाची उंची लिहायची. सवय असलेल्याला ते जमते. नवशिक्याचे विमान पुढे जाते आणि तो मागे राहतो. मुंबई–दिल्ली हा मार्ग घ्या. साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, मधे निवांत तासभर मिळतो, आणि त्या वेळात प्रत्येक पान उघडून वाचता येते.

मी स्वतः एक्स-प्लेन वापरतो आणि शनिवारी-रविवारी व्हॅटसिम या ऑनलाइन जाळ्यावर उडतो. तिथे हवाई नियंत्रकाचे काम हौशी माणसेच करतात, पैसे लागत नाहीत, सुरुवातीला एक प्राथमिक चाचणी मात्र द्यावी लागते. वैमानिक मंडळी आवाजाऐवजी लिहूनही संवाद साधू शकतात, त्यामुळे इंग्रजी बोलण्याचा संकोच असलेल्यांनी मागे राहू नये. मात्र विमान स्वतःच्या हुकमतीत आल्याशिवाय तिथे जाऊ नये, कारण मुंबईवर गर्दी असेल तेव्हा एका अडखळलेल्या विमानामुळे मागच्या पाच जणांना घिरट्या घालाव्या लागतात.

---

प्रतिसाद: धावपट्टी२७

टोरांटोहून, मार्गाबद्दलचा मुद्दा रास्त आहे. मी मुंबई–गोवा घेतला तो दोन्ही टोकांचा भूगोल आपल्या वाचकांना ओळखीचा म्हणून. एक मधला मार्ग सुचवतो: पातळी २९० ऐवजी २३० किंवा २५० ठेवावी, आणि गोव्याकडची तयारी मुंबईच्या गेटवर उभे असतानाच शक्य तेवढी करून ठेवावी. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडचा असतो, म्हणजे दाभोळीला २६ मिळणार हे घरूनच सांगता येते. २६ वर आयएलएस आहे. तो मार्ग आधीच भरून ठेवला की हवेत फक्त दाब आणि वारा तपासायचा उरतो. ज्यांना घाई आवडत नाही त्यांनी अवश्य दिल्लीला जावे.

---

प्रतिसाद: चिंचवडकर

सर्वांच्या सूचनांप्रमाणे दाभोळीपर्यंत पोहोचलो. थ्रॉटल जुळवल्यावर उड्डाण फारच सुधारले. पण उतरताना विमान प्रत्येक वेळी उंचच राहते. आयएलएसची खूण खाली दिसत राहते, मी ‘अप्रोच’चे बटण दाबतो, धावपट्टीची दिशा पकडली जाते पण खाली येणे होत नाही, आणि शेवटी धावपट्टी पोटाखालून निघून जाते. ऑटोपायलट चालू असूनही असे का व्हावे?

---

प्रतिसाद: धावपट्टी२७

या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी गणित. तीन अंशांच्या उतारावर हजार फूट खाली यायला साधारण तीन सागरी मैल लागतात. २५,००० फुटांवरून २,००० फुटांवर यायचे तर तेवीस गुणिले तीन, म्हणजे ६९ मैल. आणि वेग ३०० वरून २१० पर्यंत आणायला सपाटीवर दहा नॉटला सुमारे एक मैल, म्हणजे आणखी नऊ-दहा. एकूण ऐंशीच्या आत-बाहेर. मागून वारा असेल तर आणखी वाढवावे. हे गणित दर दहा मैलांनी मनात करत राहावे: ‘तीस मैल उरले, मी दहा हजारांवर असायला हवे.’ उतरण्याचा वेग काढायचा तर जमिनीसापेक्ष वेगाला पाचाने गुणावे. ३०० नॉटला मिनिटाला १,५०० फूट. एमसीडीयू हेच गणित अधिक अचूक करतो, पण त्याने केलेले बरोबर आहे की नाही ते ओळखायला आपल्याकडे स्वतःचा आकडा असावा लागतो.

दुसरी गोष्ट, एअरबसमध्ये ‘ऑटोपायलट चालू आहे’ हे विधान अपुरे आहे. तो कोणत्या अवस्थेत चालू आहे? मुख्य पडद्याच्या अगदी वरच्या पट्टीत पाच स्तंभ असतात: थ्रस्ट काय करतो आहे, उंची कशाप्रमाणे बदलते आहे, दिशा कशाप्रमाणे धरली आहे, अप्रोचची क्षमता किती आणि काय काय चालू आहे. हिरवे म्हणजे आत्ता चालू असलेले, निळे म्हणजे सज्ज होऊन वाट पाहणारे. समोरच्या पॅनेलवरचा गोल नॉब आत ढकलला तर ते काम संगणकाच्या आराखड्यावर सोपवले जाते, बाहेर ओढला तर आपण लावलेला आकडा चालतो. नॉब ढकलल्यावर किंवा ओढल्यावर वरची पट्टी बदलली का, हे पाहिल्याशिवाय ते काम पूर्ण झाले असे समजू नये. मला विचाराल तर संपूर्ण एअरबस शिकण्याचा हा गाभा आहे. बाकीची बटणे त्यानंतरची.

तुमच्या बाबतीत बहुधा असे घडते आहे: उतरण्याचा बिंदू येतो, पण पॅनेलवरची उंची २५,००० वरच राहिलेली असते किंवा नॉब ढकललेला नसतो. एअरबस आपणहून खाली जायला लागत नाही. कमी उंची लावून नॉब ढकलणे हे वैमानिकाचेच काम आहे. तिथे पाच मैल गेले की पुढे ते भरून निघत नाहीत, कारण निओचे पंख फार निसरडे आहेत: वेग कमी करायला गेले तर उतरणे मंदावते आणि उतरायला गेले तर वेग वाढतो. ‘मोअर ड्रॅग’ असा संदेश येतो तो स्पीडब्रेक वापरा हे सांगण्यासाठी. तो संकोच न करता वापरावा.

तिसरी गोष्ट, आयएलएसचा उतार खालून पकडायचा असतो. वरून येत असाल तर ‘जी/एस’ (आयएलएसचा उतार) ही अक्षरे निळीच राहतात आणि विमान लावलेल्या उंचीवर सपाट चालत राहते. तुमच्या वर्णनात नेमके हेच दिसते. थोडेसेच वर असाल तर एक मान्य पद्धत आहे: दिशा पकडलेली असताना पॅनेलवरची उंची विमानाच्या सध्याच्या उंचीपेक्षा वर लावावी, म्हणजे ते मधेच सपाट होणार नाही, आणि उतरण्याचा वेग मिनिटाला १,५०० फुटांच्या आसपास देऊन उतार वरून गाठावा. हजार फुटांपर्यंत सगळे स्थिर झाले नाही, म्हणजे चाके खाली, फ्लॅप पूर्ण, वेग ठरलेला आणि इंजिने आयडलच्या वर अशी स्थिती आली नाही, तर पुन्हा वर जावे. लिव्हर टोगाला, फ्लॅप एक पायरी वर, विमान चढू लागले की चाके आत. घरी बसून गो-अराउंडचा कंटाळा करणारे अनेकजण पाहिले आहेत. खरे तर तो सराव फुकट करता येण्याची ही एकमेव जागा.

---

प्रतिसाद: टोरांटोहून

वरच्या प्रतिसादाला फ्लॅपच्या मर्यादा जोडतो, कारण उंच राहिलेला माणूस घाईत त्या ओलांडतो: फ्लॅप एकसाठी २३० नॉट, दोनसाठी २००, तीनसाठी १८५, पूर्णसाठी १७७. चाके २५० नॉटपर्यंत खाली सोडता येतात आणि ती स्पीडब्रेकपेक्षाही चांगला अडथळा निर्माण करतात. म्हणून उंच असाल तर चाके लवकर सोडणे हा सन्मान्य उपाय आहे.

जमीन जवळ आल्यावर काय होते तेही सांगायला हवे. ५० फुटांवर विमानाचा संगणक त्या क्षणीचा नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून नाक हळूहळू खाली आणू लागतो. हेतू असा की वैमानिकाला इतर कोणत्याही विमानासारखी काठी मागे ओढावी लागावी. ज्यांना हे माहीत नसते ते काठी स्थिर धरून बसतात आणि विमान आपटते. तीसच्या आसपास काठी हलकेच मागे घ्यावी, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर न्यावी, आणि २० फुटांवर ‘रिटार्ड’ असा आवाज आला की लिव्हर आयडलवर आणावेत. तो आवाज ही आठवण आहे. लिव्हर आपणहून मागे येत नाहीत, कारण एअरबसमध्ये स्वयंचलित थ्रस्ट चालू असतानाही ते हलतच नाहीत.

---

प्रतिसाद: टर्बाइन

उतरल्यानंतरचेही लिहितो, कारण पुष्कळजण चाके टेकताच सिम्युलेटर बंद करतात. रिव्हर्स (इंजिनांचा उलटा जोर) ७० नॉटला आयडलवर आणावा. धावपट्टी सोडल्यावर स्पॉयलर आत, फ्लॅप वर, एपीयू सुरू. इंजिने बंद करण्याआधी त्यांना साधारण तीन मिनिटे आयडलवर थंड होऊ द्यावे. टॅक्सीचा वेळ त्यातच धरला जातो. आणि गेटवर पोहोचल्यावर एपीयूचा जनरेटर किंवा बाहेरची वीज उपलब्ध असल्याचे पाहूनच मास्टर बंद करावेत. ती उपलब्ध नसताना बंद केले तर दोन्ही जनरेटर एकदम जातात, बहुतेक पडदे काळे होतात आणि सगळा भार बॅटऱ्यांवर येतो. परतीचे उड्डाण करायचे असेल तर एडीआयआरएसची जुळणीही मग पुन्हा पहिल्यापासून करावी लागू शकते.

---

प्रतिसाद: चिंचवडकर

आभारी आहे. पॅनेलवरची उंची २५,००० वरच राहत होती, हेच कारण निघाले. परवा २६ वर खालून उतार पकडला आणि ‘जी/एस’ हिरवे झालेले पहिल्यांदा पाहिले. आता परतीच्या मार्गासाठी सम पातळी घ्यायची, म्हणजे २४० किंवा २६०, बरोबर ना?

---

प्रतिसाद: धावपट्टी२७

बरोबर. परतीची दिशा उत्तरेची, किंचित पश्चिमेकडे, म्हणजे १८० ते ३५९ अंशांमध्ये. २४० घ्या. आणि दाभोळीच्या २६ वरून उठाल तेव्हा मुंबईच्या २७ चा मार्ग गेटवरच भरून ठेवा.